‘त्या’ रोगाचें नांव घ्यावें

आपल्या घरांतून कांहीं शब्द सरळ न उच्चारण्याची जुनी चाल आहे. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणावयाचें, नारळ फोडावयाचा नाहीं तर ‘वाढवावयाचा’, आणि रात्रीच्या वेळीं सापाचें नांव काढावयाचें नाहीं. त्याला नुसतें ‘जनावर’ किंवा ‘लांबडें’ म्हणावयाचें. ह्या संकेतांमागें अशुभाची भीति असली तरी भाषेची एक सभ्यताहि आहे, आणि तिच्याशीं माझें भांडण नाहीं. परंतु सापाला लांबडें म्हटल्यानें त्याचें विष उतरत नाहीं. उलट तो कोणत्या कोपऱ्यांत शिरला हें स्पष्ट सांगितलें, तरच घरांतील माणसें सावध होतात.

कर्करोगाच्या बाबतींत आपण सुशिक्षित माणसेंहि हाच संकेत पाळीत आहों. ‘त्यांना तें निघालें’, ‘डॉक्टरांनीं जरा वाईट सांगितलें’, ‘दुखणें मोठें आहे’, असें आवाज खालीं आणून, माजघराचें दार लोटून घेऊन आपण बोलतों. शेजाऱ्यांस सांगावयाचें नाहीं, व्याह्यांस कळूं द्यावयाचें नाहीं, मुलांसमोर बोलावयाचें नाहीं; आणि सर्वांत आश्चर्य म्हणजे ज्याला रोग झाला त्यालाहि सांगावयाचें नाहीं! ह्या न बोलण्याची किंमत घराला कोठें कोठें मोजावी लागते तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. रोग टाळणें, तो वेळेवर ओळखणें, उपचार पार पाडणें, आणि उपचार थकल्यावर माणसाला सुखानें निरोप देणें, ह्या चारहि पायऱ्यांवर आपलें मौन रोगाच्याच पक्षाला जाऊन मिळतें, असें माझें मत आहे.

मी वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेला. औषधयोजना सांगण्याचा मला अधिकार नाहीं. ती ज्याची त्याच्या डॉक्टरांनींच सांगावी. घरानें काय करावें, एवढ्यापुरतेंच हें लिहिणें आहे.

नांवाची कथा

शब्दाची भीति घालविण्याचा शिक्षकाला ठाऊक असलेला उपाय म्हणजे त्या शब्दाची फोड करून दाखविणें. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस ह्यानें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं ह्या रोगाला ‘कार्किनोस’ म्हणजे खेंकडा असें म्हटलें. गांठीभोंवतीं फुगलेल्या शिरा खेंकड्याच्या नांग्यांप्रमाणें चोहोंकडे पसरलेल्या दिसतात, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. लॅटिन भाषेंत खेंकड्यास ‘कॅन्सर’ म्हणतात आणि संस्कृतांत ‘कर्क’. बारा राशींतील कर्क रास ती हीच. म्हणजे ज्या शब्दाला आपण इतके भितों, तो पंचांगांत आपण नित्य वाचतों. घरांत कोणाची रास कर्क असली तर ती सांगतांना कोणी आवाज खालीं आणीत नाहीं.

आपले प्राचीन वैद्यहि ह्या बाबतींत मुके नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड ह्यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. अर्बुद म्हणजे हळूहळू वाढणारी, खोल मुळाची, न पिकणारी मांसाची गांठ. एका अर्बुदावर दुसरें उठलें तर त्यास अध्यर्बुद अशी वेगळी संज्ञा आहे. पुढें चिकित्सास्थानांत, अर्बुदाचा शेष राहूं दिल्यास तें पुन्हां उद्भवतें अशी स्पष्ट ताकीद दिली आहे. आजचा शस्त्रवैद्य गांठीबरोबर भोंवतालचा थोडा निरोगी भागहि काढतो, त्याचें कारण हेंच. ह्यावरून प्राचीनांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें मला सुचवावयाचें नाहीं. साध्या आणि घातक अशा दोन्हीं प्रकारच्या गांठी त्यांनीं अर्बुद ह्या एकाच शब्दाखालीं घातल्या होत्या. सांगावयाचें इतकेंच कीं, हा रोग जुना आहे, आणि ज्यांनीं तो पाहिला त्यांनीं त्याला नांव देऊन त्याचें वर्णन लिहून ठेविलें. लाजून गप्प बसले नाहींत.

रोग म्हणजे काय, आणि काय नव्हे

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. चांगल्या एकत्र कुटुंबाप्रमाणें ह्या पेशी एका शिस्तीनें वागतात. प्रत्येक पेशी जन्मते, नेमलेलें काम करिते आणि वेळ झाली कीं नव्या पेशीला जागा देऊन जाते. एखाद्या पेशीच्या अंतरंगांतील सूचनांत बिघाड झाला म्हणजे ती मर्यादा सोडून वाढूं लागते, शेजारच्या भागांत शिरते, आणि रक्तावाटे किंवा लसिकेवाटे दूरच्या अवयवांत ठाणें मांडते. हाच कर्करोग. त्याचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत. म्हणून नुसतें ‘कर्करोग झाला’ म्हणणें हें नुसतें ‘ताप आला’ म्हणण्यासारखें अपुरें आहे. कोणत्या अवयवाचा, कोणत्या जातीचा आणि किती पसरलेला, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत कोणीहि धीर सोडूं नये, आणि कोणीहि भविष्य सांगूं नये.

तीन समजुती मात्र घरांतून समूळ काढून टाकिल्या पाहिजेत. पहिली, हा रोग संसर्गजन्य आहे ही. रोग्याजवळ बसल्यानें, त्याच्या ताटांत जेवल्यानें किंवा त्याचे कपडे धुतल्यानें तो कोणास होत नाहीं. दुसरी, तो घराण्याला लागलेला आहे ही. थेट आनुवंशिक दोषामुळें होणारे कर्करोग शंभरांत पांच ते दहा एवढेच असतात. एकाच घराण्यांत स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग अनेकींना झाला असल्यास त्याची तज्ज्ञांकडून चौकशी करावी. आणि असा दोष बापाकडूनहि मुलीकडे येऊं शकतो, हें ध्यानांत ठेवावें. ह्यासाठीं तरी घराण्यांतील आजारांची खरी माहिती पुढील पिढीला सांगितली पाहिजे. ‘आजी पोटाच्या विकारानें गेली’ एवढेंच सांगून भागत नाहीं.

तिसरी समजूत सर्वांत क्रूर: हें पूर्वजन्मींच्या पापाचें फळ आहे ही. समाचाराला आलेलें माणूस सहज बोलून जातें, आणि अंथरुणावरील माणूस रात्रभर आपल्या आयुष्यांतील पापें मोजीत पडतें. श्रीरामकृष्ण परमहंस १८८६ मध्यें घशाच्या कर्करोगानें गेले. श्रीरमण महर्षींच्या दंडावर गांठ झाली, ती शस्त्रक्रिया करूनहि पुन्हां पुन्हां उद्भवली, आणि १९५० मध्यें त्यांचा देह त्याच व्याधीनें पडला. ज्यांना पापाचा सिद्धान्त सांगावयाची हौस असेल त्यांनीं तो प्रथम ह्या दोघांना लावून पाहावा, आणि मगच रोग्याच्या उशाशीं तोंड उघडावें.

पानसुपारीचें तबक

आपल्या देशांत २०२२ ह्या एका वर्षांत सुमारें १४ लाख लोकांना नव्यानें कर्करोग झाला आणि ९ लाखांवर लोक त्यानें दगावले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें एकंदर कर्करोगांपैकीं शेंकडा ३० ते ५० टाळतां येण्यासारखे आहेत. आपल्याकडील टाळण्याजोग्या कारणांत पहिला मान तंबाखूचा. विडी-सिगारेट आमच्या घरांत कोणी ओढीत नाहीं असें अभिमानानें सांगणाऱ्या घरांतूनहि आजोबांची चंची आणि आजीची तपकीर वर्षानुवर्षें सुखानें नांदत असतात. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दांतांना लावण्याची संवय महाराष्ट्रांत पुष्कळ बायकांना आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाहीं. दांत घासणें म्हणतात. परंतु गालाच्या आंतल्या कातडीला हा भेद कळत नाहीं.

सुपारीची गोष्ट सांगितली म्हणजे पुष्कळांना राग येतो. ती तर देवापुढें ठेवावयाची वस्तु! देवापुढें ती जरूर ठेवावी. तोंडांत ठेवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें, तंबाखू नसलेली सुपारीहि कर्करोग उत्पन्न करिते, असा निर्णय २००४ मध्यें प्रसिद्ध केला आहे. सुपारी चघळणाऱ्याचें तोंड हळूहळू पूर्वीइतकें उघडेनासें होतें. तीन बोटें उभीं शिरत नाहींत अशी अवस्था आली तर दंतवैद्यास ताबडतोब दाखवावें. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण घरांतील तबकावर कोणते सरकार बंदी घालणार? तें काम घरांतील वडील माणसांचेंच आहे. नातवाला कोपऱ्यावरच्या दुकानांतून पुडी आणावयास पाठविणारे आजोबा त्याला न शिकवितां एक धडा शिकवीत असतात. दारूविषयींहि बोलावें लागतें. ‘आपल्यांत तो विषय नाहीं’ असें म्हणण्याचे दिवस गेले आहेत, आणि मद्य हेंहि कर्करोगाचें एक सिद्ध कारण आहे.

दुसरें टाळण्याजोगें कारण मुलींच्या संबंधांतील आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ सर्वस्वीं एका विषाणूमुळें होतो. त्यास एच. पी. व्ही. म्हणतात. ह्या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन ह्यांना २००८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेनें तयार केलेल्या देशी लशीला २०२२ मध्यें सरकारी परवानगी मिळाली आणि २०२३ पासून ती उपलब्ध आहे. ती ९ ते १४ ह्या वयांत द्यावी असा सल्ला आहे. येथें घरांतील वडील बायका अडखळतात. हा विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो हें कळलें म्हणजे, ‘इतक्या लहान पोरीला असलें कशाला?’ असा प्रश्न येतो. उत्तर सोपें आहे. धरण पाऊस पडण्यापूर्वीं बांधावयाचें असतें. लस ही मुलीच्या वर्तनावरील शेरा नव्हे. पुढें तीस-चाळीस वर्षांनीं, संसार भरांत असतांना, तिच्यावर येऊं शकणारें संकट टाळण्याची ती तजवीज आहे. मात्र लस घेतली तरी तिशीनंतर वेळोवेळीं तपासणी करून घेतलीच पाहिजे.

वेळेवर ओळखणें

माझ्या पाहण्यांतील एका मोठ्या घरांत एक काकू होत्या. पंचावन्नाच्या घरांतील, साऱ्यांच्या आवडत्या. न्हातांना छातीला गांठ लागली. दुखत नव्हती, म्हणून पहिला महिना गेला. मग पुतण्याची मुंज ठरली होती. मांडवांत विघ्न नको म्हणून त्या बोलल्या नाहींत. मुंजीनंतर धाकटीचें बाळंतपण आलें, पुढें गणपति आले. थोरल्या जाऊबाईंना एकदां सांगावयास गेल्या, तों त्यांनीं कामाच्या गर्दींत, ‘वयाप्रमाणें होतें कांहींबांहीं’, म्हणून बोळवण केली. डॉक्टरांकडे गेल्या तेव्हां नऊ महिने लोटले होते आणि रोग काखेच्या पलीकडे पोंचला होता. त्या घरांत पैसा होता, गाडी होती, मुंबईचें रुग्णालय तीन तासांवर होतें, घरांत दोन पदवीधर सुना होत्या. नव्हतें तें एकच: ‘माझ्या छातीला गांठ आहे’ हें वाक्य बोलण्याची जागा. चौदा माणसांच्या घरांत ती त्या माउलीला मिळाली नाहीं.

ह्याच्या उलट बाजूची हकीकत मुद्दाम सांगतों. मुंबईच्या झोंपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या तज्ज्ञांनीं १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांचा एक मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांना शिकवून तयार केलें. त्यांनीं अर्ध्या वस्त्यांत घरोघरच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनीं बोलावून गर्भाशयाच्या मुखास सौम्य व्हिनेगर लावून तपासणी केली. रोगट भाग त्यानें पांढरा दिसतो. एवढ्यानें त्या वस्त्यांतील ह्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी झाले. त्याच अभ्यासांत हातानें स्तनांची तपासणीहि केली होती. वीस वर्षांनीं, २०२१ मध्यें, प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं घटले. आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांत एच. पी. व्ही. विषाणूची तपासणी आयुष्यांत एकदांच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यु निम्म्यावर आले, हें २००९ मध्यें सिद्ध झालें. झोंपडींतील आणि खेड्यांतील ह्या भगिनी आपल्या संकोचावर मात करून तपासणीला आल्या. वाड्यांतील आणि सदनिकांतील आपल्या भगिनींना तें जड कां जावें?

म्हणून खालील गोष्टी प्रत्येक घरांत सर्वांना ठाऊक असाव्या. स्तनांत किंवा शरीरांत कोठेंहि नवी गांठ, दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा तोंडांतील व्रण, किंवा तोंडांत पांढरा वा लाल चट्टा, न हटणारा खोंकला किंवा बसलेला आवाज, गिळतांना अडथळा, मलमूत्राच्या संवयींत टिकून राहिलेला बदल, थुंकींत, शौचांत किंवा लघवींत रक्त, विटाळ कायमचा गेल्यानंतर पुन्हां रक्तस्राव, कारणावांचून घटणारें वजन. ह्यांपैकीं पुष्कळ लक्षणें साध्या कारणांनींहि होतात. पण तें डॉक्टरांनीं ठरवावें, जाऊबाईंनीं नव्हे. न दुखणारी गांठ निरुपद्रवी, हा समज तर मुळींच खरा नाहीं; आरंभीं कर्करोग बहुधा दुखतच नाहीं. सरकारी आरोग्यकेंद्रांतून तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या तोंडाची, आणि स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी करण्याची योजना आहे. तिचा लाभ घ्यावा. माझी सूचना अशी कीं, वर्षांतून एक दिवस ठरवून घरांतील साऱ्या बायकांनीं, आजीपासून सुनेपर्यंत, मिळून जावें. एकटीला वाटणारी लाज चौघींत निम्मी होते.

उपचारांचा काळ

मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. त्यामागें एका घराचें दुःख आहे. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें परदेशीं वारल्या. पुढल्याच वर्षीं सर दोराबजीहि गेले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून हें रुग्णालय उभें राहिलें. १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

त्या काळीं रक्ताचा कर्करोग झालेलें मूल म्हणजे आशा सोडलेलें मूल असे. आज प्रगत देशांत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या मुख्य प्रकारांत दहांपैकीं आठांहून अधिक मुलें बरीं होतात. ह्या विजयाचा आरंभ ज्या औषधापासून झाला तें अमिनॉप्टेरिन येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्या आंध्र संशोधकाच्या नेतृत्वाखालील मंडळींनीं अमेरिकेंत तयार केलें, आणि बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर ह्यांनीं १९४७ मध्यें तें मुलांना देऊन पाहिलें. भीमवरमचा हा मुलगा पुढें १९४८ मध्यें परदेशींच निवर्तला. आपल्या घरांतून त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

मुख्य उपचार तीन: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधें. औषधांत ज्यास सर्वजण ‘केमो’ म्हणतात ती आणि अलीकडचीं नवीं नेमकीं औषधें हीं येतात. पुष्कळदां दोन किंवा तीनहि मार्ग क्रमानें वापरावे लागतात. म्हणून पहिला सल्ला एका डॉक्टराच्या घाईचा न घेतां, जेथें तिन्ही शाखांचे तज्ज्ञ एकत्र बसून ठरवितात अशा ठिकाणीं घ्यावा. एक जाड वही करावी. तींत तारीख, तपासण्या, औषधें, होणारा त्रास आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न लिहावे. घरांतून एकानेंच डॉक्टरांशीं बोलावें व बाकीच्यांना सांगावें. नाहींतर मामा एक ऐकून येतात, जांवईबापू दुसरें, आणि रात्रीं पंगतीला वाद होतो. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, रेल्वेच्या भाड्यांतील सवलत, बाहेरगांवच्या रोग्यांसाठीं दादरच्या श्रीसंत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा, ह्यांची चौकशी रुग्णालयांतील समाजसेवा विभागांत करावी. ती करण्यांत कमीपणा नाहीं.

आतां घरच्या चालीरीतींविषयीं. किरणोपचाराचे बाहेरून किरण घेतलेल्या माणसापासून इतरांना कसलीहि बाधा होत नाहीं. त्याला नातवंडांपासून दूर ठेवूं नये. केवळ थायरॉइडवर किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या, किंवा अशाच विशेष उपचारांतील रोग्याला डॉक्टर कांहीं दिवस दूर राहावयास सांगतात, तेवढें पाळावें. केमोच्या दिवसांत रोग्याची प्रतिकारशक्ति घटते. तेव्हां आपल्या सोंवळ्यांतील जो शुचितेचा भाग आहे तो येथें फार उपयोगी आहे: हात धुणें, ताजें व शिजलेलें अन्न, उकळलेलें पाणी, सर्दीपडसें झालेल्या पाहुण्यास दारांतूनच नमस्कार. परंतु सोंवळ्याचा शिवाशिवीचा भाग रोग्यास लावूं नये. त्याचें ताट वेगळें काढणें हें औषध नव्हे, अपमान आहे.

उपासतापास ह्या काळांत बाजूस ठेवावे. चातुर्मासाचें नेम धरलेल्या आजींना हें पटत नाहीं. पण आपद्धर्माची व्यवस्था आपल्याच शास्त्रकारांनीं करून ठेविली आहे, आणि एकादशी सुनेनें त्यांच्या वतीनें केली तर विठोबा रुसत नाहीं. रोग्याला थोडें थोडें, वरचेवर, त्याला रुचेल तें द्यावें: मऊ भात व मेतकूट, पेज, मुगाचें वरण, दूध, ताजें ताक. तोंड आलें असल्यास तिखट वर्ज्य. केस गळतात तेव्हां बाईला फार दुःख होतें. आपल्या समाजांत केशवपनाच्या ज्या आठवणी आहेत, त्यांमुळें तें अधिकच बोंचतें. घरच्यांनीं आधींच सांगून ठेवावें कीं हे केस बहुधा पुन्हां येतात. आणि आरशावर कापड टाकण्यापेक्षां एक छानसा रुमाल आणून द्यावा.

समाचाराला येणारे प्रत्येकजण एक औषध सांगून जातात. कोणी गोमूत्र, कोणी हळद, कोणी परगांवच्या वैद्याची पुडी. हळदीविषयीं माझा आदर आहे. पण ह्यांपैकीं कशानेंहि कर्करोग बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. कांहीं काढे यकृताला त्रास देतात, कांहीं चालू औषधांशीं झगडतात. घ्यावेंसें वाटलेंच तर डॉक्टरांना दाखवून घ्यावें, लपवून नव्हे. आणि पुडीच्या भरंवशावर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकूं नये. बरा होण्याजोगा रोग असाध्य होण्याचें तें एक मोठें कारण आहे.

रोग्याला सांगावें काय?

माझे एक वृद्ध परिचित होते. निवृत्त कारकून, वृत्तीनें करारी. जठराचा कर्करोग झाला. मुलांनीं डॉक्टरांना बजावलें, ‘अण्णांना सांगूं नका, ते खचतील.’ घरभर ‘अल्सर’ चालू होतें. मी भेटीला गेलों तेव्हां सारे बाहेर गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, “मास्तर, मला सर्व ठाऊक आहे. रुग्णालयाच्या दारावरची पाटी मला वाचतां येते. पण मीं ओळखलें हें कळलें तर पोरें खचतील, म्हणून मीहि अल्सर म्हणतों.” एकाच घरांत, एकाच छपराखालीं, प्रेमापोटीं दोन्हीं बाजू एकमेकांना फसवीत होत्या. मृत्युपत्र करावयाचें राहिलें होतें; धाकट्या भावाशीं वीस वर्षांचा अबोला होता. तो मोडावयाचा तर कारण सांगावें लागतें, आणि कारणाचें तर नांव घ्यावयाचें नव्हतें.

सत्य सांगणें म्हणजे तोंडावर फेंकणें नव्हे. प्रथम विचारावें, ‘डॉक्टरांचें म्हणणें आपल्याला कितपत ऐकावयाचें आहे?’ कोणी सर्व विचारतो, कोणी म्हणतो, ‘तूं पाहा, मला सांगूं नकोस.’ दोघांचाहि मान राखावा. हळूहळू, झेपेल तितकें सांगावें. पण खोटें सांगूं नये. एकदां खोटें उघडें पडलें कीं पुढील धीराच्या शब्दांवरहि रोग्याचा विश्वास राहत नाहीं. मुलांनाहि त्यांच्या वयाप्रमाणें सांगावें. न सांगितलेलें मूल आपल्याच खोडीमुळें आई आजारी पडली असें मनांत धरून बसतें. तेहतीस वर्षें वर्गांत अशीं मुलें मीं पाहिलीं आहेत.

शुश्रूषा करणारी

रोग्याविषयीं सारे विचारतात; शुश्रूषा करणारीला कोणी विचारीत नाहीं. आपल्या घरांतून हें ओझें बहुधा एका सुनेवर, मुलीवर किंवा पत्नीवर पडतें. रात्रीचें जागरण, पथ्य, पाहुण्यांचा चहा, वर कोणाचा तरी टोमणा. एकत्र कुटुंबाचा जो आपण अभिमान बाळगतों, त्याची खरी परीक्षा येथें आहे. काम वांटून कागदावर लिहावें: रुग्णालयाची फेरी कोणाची, रात्र कोणाची, हिशेब कोणाचा. पुरुषांनींहि रात्रीच्या पाळ्या घ्याव्या. आठवड्यांतून एक दुपार त्या सुनेला पूर्ण मोकळी द्यावी, आणि ती रडली तर तिला ‘धीर धर’ म्हणण्याऐवजीं जवळ बसूं द्यावें.

वेदना आणि निरोप

सर्व रोगी बरे होत नाहींत. पण बरें करतां येत नाहीं म्हणजे करण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, असें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ मध्यें कर्करोगाच्या वेदनांवर पायरीपायरीनें औषध वाढविण्याची पद्धति घालून दिली. त्या शिडीच्या वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. तें अफूपासून होतें म्हणून घरचे दचकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वेदनेच्या प्रमाणांत घेतलेल्या मॉर्फीनचें व्यसन क्वचितच लागतें. वेदनेनें तळमळत ठेवणें मात्र नक्की अमानुष आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळें तें मिळणें फार कठीण झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें वाट सोपी केली आहे. वांद्र्यास १९८६ मध्यें ‘शांति आवेदना सदन’ हें देशांतील पहिलें असें आश्रयस्थान सुरू झालें. केरळांत १९९३ पासून कालिकतच्या मंडळींनीं घरोघर जाऊन वेदनाशमनाचें काम उभें केलें. आपल्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत असा विभाग आहे काय हें शेवटच्या आठवड्यांत नव्हे, आरंभींच विचारून ठेवावें. कारण ही सेवा उपचार चालू असतांनाहि मिळते.

आपल्या परंपरेंत माणसाच्या अखेरीस घराला करण्यासारखें पुष्कळ आहे. त्याच्या आवडीचें स्तोत्र म्हणणें, राहिलेला अबोला मोडणें, कोणास कांहीं द्यावयाचें तें त्याच्या हातून देवविणें, आणि त्याचा हात हातांत घेऊन बसणें. परंतु हें सारें करण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याजवळ आहे हें कळण्यासाठीं आधीं खरें बोलावें लागतें.

वाचकभगिनींना व वाचकांना शेवटीं एकच विनंति. हा अंक वाचून झाल्यावर घरांतील सारीं माणसें एकत्र असतील अशा वेळीं, जेवणानंतर म्हणा, ‘कर्करोग’ हा शब्द मोठ्यानें उच्चारावा. कोणाला गांठ आहे काय, कोणाचें तोंड आलें आहे काय, मुलींची लस झाली काय, तबकांतील सुपारी केव्हां निघणार, हें विचारावें. पहिल्या वेळीं सारे गप्प बसतील. दुसऱ्या दिवशीं कदाचित् एखादी काकू स्वयंपाकघरांत हळूच येऊन म्हणेल, ‘अग, तुला एक सांगावयाचें होतें.’ हातांतलें काम तेथेंच ठेवावें आणि ऐकावें.